रेणूच्या लग्नाचं अत्तर

चिक्कडपल्ली, हैदराबाद

प्रिय अपू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी घोटभर पाणी पी. सगळं ठीक आहे. म्हणजे माझ्या बाबतीत हल्ली जेवढं ठीक असतं तेवढं. रोज सकाळी फोनवर बोलतोच की आपण, मग ताईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू उदयरावांना विचारत असशील. साधं कारण आहे. बोलताना मला दम लागतो, लिहिताना लागत नाही. फोनवर जरा कुठे मनातलं बोलायला लागावं तर खोकला येतो, आणि तू 'राहू दे ताई, राहू दे' म्हणत फोन ठेवून देतेस. नांदेडला बसून तुला वाटतं, ताईला विश्रांती दिली. इकडे माझं बोलणं पोटातच राहतं. शिवाय या घरात फोनवर बोललेलं रेणूच्या कानावर जातंच, आणि आज जे लिहायचंय ते तिला कळता कामा नये. ती ऑफिसला गेलीय. तुझे भावजी रुखवतातली भांडी बघायला बेगम बाजारात गेलेत, म्हणजे संध्याकाळशिवाय येत नाहीत. दुपार माझी आहे.

अत्तरापासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आपल्या घरच्या कार्यात अत्तराचा मान अण्णांचा असायचा, आठवतं ना? पाहुणा दारात आला की त्याच्या उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला अत्तराचं बोट फिरवायचं, मग गुलाबपाणी, आणि मगच त्याला आत घ्यायचं. एरवी भाजीच्या पिशवीला हात न लावणारे अण्णा त्या दिवशी दारातून हलायचे नाहीत. उन्हाळ्यातल्या लग्नाला खस, थंडीतल्या लग्नाला हिना, असा त्यांचा नेम होता. पत्थरगट्टीच्या अत्तराच्या दुकानात जाताना ते मलाच बरोबर न्यायचे आणि तू फुगून बसायचीस. एकनाथरावांच्या थोरलीला नाक आहे, असं ते दुकानदारच म्हणायचे, आणि मी लेकाची ते ऐकून महिनाभर शेफारून फिरायची. लग्नानंतर त्या नाकाचा त्रास तुझ्या भावजींना झाला. कोठीच्या बाजारात मिरची भजी खाऊन घरी 'पोटात काही नाही गं' म्हणायची त्यांची सोय उरली नाही. अण्णा गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. बाईमाणूस दारात अत्तरदाणी घेऊन उभं म्हणून काकूंनी तोंड वाकडं केलं होतं, तरी तुझ्या थोरल्याच्या लग्नात मीच उभी होते.

आणि आता बघ. डॉक्टर म्हणतात फुफ्फुसं आतून कडक होत चाललीत. आधी त्यांनी बाल्कनीतल्या कबुतरांवर संशय घेतला, मग आणखी कशावर, आणि शेवटी म्हणाले की कारण शोधून आता उपयोग नाही, जे आहे ते सांभाळू. सांभाळायचं म्हणजे धूर नको, धूळ नको आणि कसलाही उग्र वास नको. मास्क लावून बघितला, पण अत्तर त्याच्याही आत शिरतं. तेव्हापासून आमच्या घरात देवापुढे उदबत्ती लागत नाही. फोडणी तुझे भावजी मागच्या बाल्कनीत शेगडी मांडून करतात, आणि मिरची जळली की शेजारच्या लक्ष्मी अक्का तेलुगूत जे काही बोलतात ते त्यांना कळत नाही हे एक बरं आहे. मी पुढच्या खोलीत, नाकात नळी, बाजूला ते ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरतंय. वास मला अजून सगळे येतात गं. नाक शाबूत आहे, त्याच्या खालचं सगळं बिघडलंय.

रेणूचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, अत्तर आईच निवडणार. मी म्हटलं, वेडी की काय, मी दुकानात कशी येऊ? तिकडे विहीणबाईंची वेगळीच तऱ्हा. माणसं पुण्याची, गचिबावलीला नवा फ्लॅट, सगळं छान, वागायला खरंच गोड. त्यांनी लग्नासाठी सुगंधाची कोणी सल्लागार मुलगी ठरवली होती. आल्याआल्या कोणता वास, जेवताना कोणता, असं सगळं आखून तिने नमुन्यांच्या कागदी पट्ट्या आमच्याकडे कुरियरने पाठवल्या. पाकीट दारात आलं आणि तुझ्या भावजींनी ते सांडशीत धरून थेट गच्चीवर नेऊन ठेवलं. रेणू हसून हसून लोळली. मग अनिकेतला तिनेच सांगितलं, की आमच्याकडे पाहुण्याच्या हाताला अत्तर लावतात, ते आई निवडते, बाकीचं तुम्ही ठरवा. जावई मोठा समजूतदार आहे. 'चालेल' म्हणाला आणि आपल्या आईलाही तयार केलं.

तर एका रविवारी बापलेक पत्थरगट्टीला गेले आणि तिथून मला व्हिडिओ कॉल लावला. दुकानात आता नातू बसतो. तो म्हणे, 'अम्मा, फोन में खुशबू कैसा आती जी?' मी म्हटलं, तुम दिखाते जाओ, मैं पूछती जाती. आणि खरंच तसंच केलं. तो एकेक कुपी उघडायचा, रेणू हुंगायची आणि मला सांगायची. काय तिची वर्णनं! एकाला म्हणाली नुकत्याच शिंपडलेल्या अंगणाचा वास, मी म्हटलं खस. एकाला म्हणाली, आई, हा ना शाळेतल्या एका आगाऊ मुलीसारखा आहे, आधी येऊन उभा राहतो आणि हलतच नाही. तो केवडा, ठेव खाली. मग एक कुपी तिने हुंगली, पुन्हा एकदा हुंगली. म्हणाली, हा गरम आहे, काळपट आहे, आजोबांच्या कपाटासारखा आहे. मी म्हटलं, हाच. हिना. थंडीतलं लग्न आहे, दुसरं काही बघायचं नाही. तुझे भावजी मागून म्हणाले, डोकं दुखेल लोकांचं, आणि आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो. अपू, आजारी पडल्यापासून मी इतकी सुखात नव्हते. घरात बसून लेकीच्या लग्नाचं अत्तर मी निवडलं, अण्णांनी निवडलं असतं तेच.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण फोनवर तुला अर्धंच सांगितलं होतं. तू विचारलंस, एकदम कसं झालं, आणि मी म्हटलं, हवा बदलली. हवा नव्हे. दुकानदाराने हिना रेणूच्या मनगटाला लावला होता. घरी येताना ती हात धुवायचं विसरली. आनंदात होती, जिना पळत चढली, दारातूनच 'आई, मिळाला!' म्हणत आली आणि माझ्या गळ्यात पडली. आणि तिला दूर लोटावं असं मला वाटलंच नाही. वास आल्याबरोबर मला कळलं होतं काय होणार ते. पण लेक गळ्यात होती, हिना होता, मी आणखी एक श्वास मुद्दाम आत घेतला. मग खोकला सुरू झाला तो थांबेना. रेणू माझी पाठ चोळत होती, म्हणजे त्याच हाताने, बिचारीला कुठलं भान. शेवटी तुझ्या भावजींनी तिला ओढून बाजूला केलं. दवाखान्यात मला शुद्ध आली तेव्हा काचेपलीकडे ती उभी होती आणि हात धुऊन धुऊन तिने मनगटाची कातडी लाल केली होती. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं की या वेळी निभावलं, पुढच्या वेळचं मी काही सांगू शकत नाही.

घरी परत आले ती वेगळीच रेणू भेटली. साबण बिनवासाचा, तेल नाही, पावडर नाही, कपडे नुसत्या पाण्यात बुचकळलेले. ऑफिसातून आली की आधी आंघोळ, मग माझ्या खोलीच्या दारात उभं राहून विचारणार, येऊ का? मला विचारते, आई, येऊ का. आणि एका संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना जाहीर करून टाकलं की लग्नात कसलाही वास नको. अत्तर नाही, गुलाबपाणी नाही, फुलं कापडाची, होम नाही. नोंदणी करायची, कापडाचे हार घालायचे आणि जेवायचं. विहीणबाई मोठ्या मनाच्या, म्हणाल्या, हरकत नाही, आजकाल असंही करतात. पण कॉल संपायच्या आधी त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले. एकच तर मुलगा आहे त्यांना. मी रेणूला म्हटलं, असं लग्न मला नको. ती म्हणाली, तू असलीस की मला सगळं आहे.

तुझे भावजी गुरुजींना घेऊन आले. होम बारीक करता येईल का, पंखा लावून धूर बाहेर काढता येईल का, सगळं विचारून झालं. गुरुजी म्हातारे, सरळ माणूस. म्हणाले, अग्नी म्हटला की धूर आलाच. वहिनींना मांडवात बसता येत नसेल तर मुलीच्या मावशी-काकांनी कन्यादान करावं, नाहीतर यजमानांनी कनवटीला सुपारी लावून बसावं. झालं. सुपारी म्हटल्याबरोबर तुझे भावजी ताडकन उठले. तुला माहीतच आहे, बायको नसलेला माणूस कार्याला बसतो तेव्हा तिच्याऐवजी सुपारी लावतो. 'जिवंत आहे माझी बायको, आत बसून तुमचं ऐकतेय,' असं इतक्या मोठ्याने म्हणाले की खालचे दुकानदार वर बघायला लागले. गुरुजी बिचारे चहा तसाच ठेवून गेले. मग हे बाल्कनीत जाऊन मटार सोलत बसले, आणि बऱ्याच वेळाने बघते तर दाणे खाली टाकून सालं भांड्यात भरत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मला यातलं काहीच परवडत नाही.

मला खरंच कळेना काय करावं. कोणाशी भांडायलाही श्वास लागतो गं. मग एका संध्याकाळी मी खिडकीत बसले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलवाली बसते, तुला तिच्याकडून आपण शेवंती घेतली होती. रेणू बसथांब्याकडून आली आणि तिच्यापाशी थांबली. फुलवालीला तिच्या लग्नाचं माहीत असावं, तिने हौसेने एक जाईचा गजरा पुढे केला. रेणूने इकडेतिकडे पाहिलं, तो दोन्ही हातांत घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. मग परत दिला. पर्समधून पाण्याची बाटली काढली, रस्त्यावरच हात धुतले, नाक पुसलं आणि घराकडे निघाली. ही माझी लेक. मी दिलेलं नाक तिला आहे, आणि मी असेपर्यंत तिने ते बंद ठेवायचं. अपू, मला माझा इतका राग कधी आला नव्हता. मरणाची भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू, पण त्या दिवशी वाटलं, आपण या पोरीच्या वाटेत बसलोय.

त्यानंतर मी जे सत्याग्रह केले त्यातले काही तुझ्यापर्यंत आलेच. गोळ्या घेणार नाही म्हटलं, घेतल्या. जेवणार नाही म्हटलं, तर रेणूही जेवेना, म्हणून जेवले. शेवटी अनिकेतने वाट काढली. फंक्शन हॉलला मॅनेजरची एक काचेची खोली आहे, मांडवाच्या बरोबर समोर, आणि तिला मागच्या रस्त्याकडून वेगळं दार आहे. तिथे यंत्र ठेवायचं, फटी बंद करायच्या, मला आधी नेऊन बसवायचं. बाहेर होम होऊ दे, अत्तर लागू दे, सनई वाजू दे, मला सगळं दिसेल. रेणू कित्येक दिवस हो म्हणेना. मी तिला सांगितलं, तू बिनवासाचं लग्न केलंस तर ते माझंच सुतक समज. वाईट बोलले, पण तिने ऐकलं. कन्यादानाला तू आणि उदयराव बसणार हे तर तुला सांगितलंच आहे. तुझे भावजी म्हणतात, मी उषाशेजारी आत बसेन, मांडवात एकटा बसणार नाही. बसू दे. फोनवर तू रडलीस, तेव्हा मी तुला ओरडले, कारण तुझं ऐकून मीही रडले असते. अत्तरदाणी दारात अनिकेत स्वतः धरणार आहे. नवरदेवाने आपल्याच वऱ्हाडाला अत्तर लावायचं, असं कुठे असतं? पण लावू दे. अण्णा असते तर त्याला बोट कसं फिरवायचं ते शिकवलं असतं.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. सगळ्यांनी सगळं ठरवलंय, होमाचं, खोलीचं, यंत्राला वीज गेली तर काय त्याचं. पाठवणीचं कोणाच्याच लक्षात नाही. रेणूच्याही नाही, आणि आणून देऊ नकोस, नाहीतर ती पुन्हा एक फूल माळणार नाही. अपू, ती निघताना माझ्याकडे येईल. डोक्यात गजरे, अंगाला हिना, शालूत होमाचा धूर, आणि ती मागे वळून बघेल, मी काचेमागे दिसेन, आणि त्या क्षणी तिला डॉक्टर आठवणार नाहीत की माझा आजार. ती पळत येईल. तिला तू धर. घट्ट धर, ओरडली तरी सोडू नकोस, तुझ्याच गळ्यात रडू दे तिला. मांडवपरतणीला न्हाऊन माहेरी येईल तेव्हा मी तिला पोटभर जवळ घेईन, तेवढी मी नक्की टिकते. पण त्या दिवशी ती माझ्या मिठीत असताना मला काही झालं, तर जन्मभर ती कुठल्या लग्नाला जाणार नाही, स्वतःचे हात धूत बसेल. तुला वाटेल, ताई शहाणी आहे, आतून दार लावून बसेल. नाही गं. मागच्या वेळी मला माहीत होतं, तरी मी लोटलं नाही तिला. ती काचेवर हात ठेवून 'आई' म्हणाली की मी नळी काढून दार उघडणार, हे मला आत्ताच दिसतंय, आणि तुझे भावजी मला अडवणार नाहीत, तेच आधी उठतील. म्हणून तुला सांगते. सप्तपदी झाली की कोणाला न सांगता ये आणि मांडवाकडच्या दाराला बाहेरून कडी घाल. मी कितीही दार वाजवलं, तुझ्याकडे बघून काहीही बोलले, तरी गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत उघडू नकोस.

तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू न शकणारी,
तुझीच,
ताई